तात्पुरती ओळ

बाईंचा फोन आला तेव्हा सारंग मुळीक पुण्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डबा उघडून बसला होता.

"सारंग, रविवारी कराडला ये," बाई म्हणाल्या. कंपवाताने त्यांचा आवाज अलीकडे फार बारीक झाला होता. "तुझा कळफलक बिघडलाय."

"काय होतंय बाई? अक्षरं उमटत नाहीत का?"

"अक्षरं झकास उमटतात. तू ये."

फोन बंद झाला. सारंगने डबा तसाच झाकून ठेवला. आपण आपली चूक कुठे पुरून ठेवलीय हे माणसाला बरोबर ठाऊक असतं. कुणी त्या बाजूला नुसतं पाऊल टाकलं तरी कळतं. सारंगलाही कळलं.

बाई म्हणजे कुमुद शेवडे. कराडात सोमवार पेठेत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. चौदा मशीन, दोन लांबलचक बाकं आणि भिंतीवर एक घड्याळ. दहावीच्या सुट्टीत पोरगं घरी बसून डोकं खाणार, त्यापेक्षा टायपिंग शिकू दे, म्हणून आसपासच्या गावांतून पोरं येत. सारंग मसूरहून एसटीने येई. बाई कधी कुणाच्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. वर्गाकडे पाठ करून मटार नाहीतर शेंगा सोलत बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून म्हणायच्या, "सारंग, करंगळी आळस करतेय. पाटील, घाई नको. आणि ती खिडकीतली कोण, तुझा डावा हात उजव्याची वाट बघतोय." चौदा मशीनच्या खडखडाटात त्यांना प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू यायचा. पोरं म्हणायची, बाईंना पाठीला कान आहेत.

त्यांचा एक नियम फार जाचक होता. चूक खोडायची नाही. वर दुसरं अक्षर मारायचं नाही की कागद बदलायचा नाही. चुकलेल्या अक्षराभोवती ज्याने त्याने स्वतः लाल पेन्सिलीने गोल करायचा, पानाखाली चुकांचा आकडा लिहायचा आणि सही करायची. "चूक मी शोधली तर ती माझी झाली," बाई म्हणायच्या, "तू शोधलीस तर तुझी."

पुढे मशीनच्या परीक्षा बंद झाल्या, क्लासही बंद झाला. सारंग इंजिनियर झाला. आणि बाईंच्याच हाताला कंप सुटला. जिने शेकडो पोरांची बोटं वळणावर आणली, तिची बोटं टॅबलेटवर एक अक्षर मारायला जात आणि तीन उमटत. ते बघून सारंगने त्यांच्यासाठी पडद्यावरचा एक कळफलक बनवला. जुन्या मशीनवर जे अक्षर जिथे असायचं तिथेच ते ठेवलं, बटणं मोठी केली आणि चुकून झालेले स्पर्श सोडून देण्याची सोय केली. त्याला त्याने नाव दिलं 'हातवळण'. बाईंच्या हट्टाखातर त्यात मशीनचा आवाजही घातला. डाव्या हाताचा किंचित जड, उजव्याचा किंचित हलका. 'ऐका' असं एक बटण होतं. ते दाबलं की आपण टाइप केलेलं जसंच्या तसं, त्याच लयीत पुन्हा वाजायचं.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती, पण बाईंच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो कळफलक पाहिला.

टाइप करताना बोट एका बटणावर किती वेळ टेकतं आणि तिथून पुढच्या बटणावर जायला किती वेळ घेतं, याचं प्रत्येकाचं एक ठरलेलं वळण असतं. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडू लागलं की हालचालीची सुरुवातच अडखळते. हे अडखळणं डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांच्या या हिशोबात दिसतं. निरोगी बोट दरवेळी साधारण सारखंच टेकतं. आजारी बोट एकदा नव्वद भाग टेकतं, एकदा एकशे साठ, एकदा सत्तर. सकाळच्या गोळीचा असर किती वाजता उतरतो, हेसुद्धा त्यात कळतं. तपासणीच्या दहा मिनिटांत रुग्ण अंग सावरून बसतो. घरी मुलीला पत्र लिहिताना कोण सावरून बसतं? डॉक्टर म्हणाले, "मला दर पंधरा दिवसांनी हे आकडे पाठवा. मी त्यावर गोळीचं माप ठरवीन." तेव्हापासून दर पंधरवड्याला रिपोर्ट जाऊ लागला, आणि गेलेला रिपोर्टही टॅबलेटवर 'ऐका' दाबून ऐकता यायचा.

तीन वर्षांत 'हातवळण' वापरणारे सहाशे तेरा झाले. पाच हॉस्पिटलांनी त्याला आपल्या यादीत घेतलं. सारंगने नोकरी सोडली आणि इर्शाद मुलाणी नावाच्या दोस्ताला सोबत घेऊन तो हेच काम करू लागला.

मग त्या वर्षी फेब्रुवारीत टॅबलेटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली.

तिच्यात दोन नव्या गोष्टी होत्या, आणि दोन्ही चांगल्याच होत्या. एक म्हणजे हाताचा कंप ती स्वतःच पुसून टाकत होती. थरथरतं बोट पडद्याला लागलं तरी आतल्या सॉफ्टवेअरला ते स्थिर दिसायचं. दुसरी म्हणजे स्पर्शाचे कच्चे आकडे तिने कुलपात ठेवले होते. बोटांवरून आजार ओळखता येतो हे ऐऱ्यागैऱ्या कंपन्यांनाही कळलं होतं, आणि कुणाच्या नकळत कुणी त्याचा आजार वाचू नये हे रास्तच होतं. ज्याला ते आकडे हवेत त्याने वैद्यकीय परवानगीसाठी अर्ज करायचा. सारंगने केला. उत्तर आलं, 'विचाराधीन'.

"कळफलक पळतोय," इर्शाद म्हणाला. "आधीपेक्षा छान पळतोय. पण रिपोर्टच्या भागाला आकडेच मिळत नाहीत. तो कोसळतो आणि जाताना कळफलकालाही घेऊन जातो."

"परवा सगळ्यांच्या टॅबलेटवर नवी आवृत्ती चढणार."

"मग कोरा रिपोर्ट जाऊ दे. 'आकडे उपलब्ध नाहीत' असं लिही आणि मोकळा हो."

"कोरा गेला तर हॉस्पिटलवाले दुसऱ्याच दिवशी फोन करतील."

"करू देत की!"

"आणि यादीतून काढतील. तीन वर्षांची मेहनत पाण्यात. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, इर्शाद. परवानगी येईलच."

त्या संध्याकाळी सारंगने प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली. नवे आकडे मिळाले नाहीत, तर त्याच माणसाचे मागच्या सहा आठवड्यांचे आकडे आळीपाळीने घ्यायचे, आणि आलेख हुबेहूब दिसू नये म्हणून ते जरासे इकडेतिकडे हलवायचे. आकडे हलवले तिथेच खरं तर त्याने स्वतःचा हात धरायला हवा होता. सोयीसाठी भरलेला आकडा वेगळा आणि ओळखू येऊ नये म्हणून हलवलेला आकडा वेगळा. पण कळफलक चालू राहिला. एकाही हॉस्पिटलचा फोन आला नाही. ओळीच्या डोक्यावर त्याने टीप लिहून ठेवली होती : 'तात्पुरतं. परवानगी आली की काढणे.' या धंद्यात तात्पुरत्या गोष्टींना शंभर वर्षं आयुष्य असतं.

मार्च गेला, एप्रिल गेला. अर्ज विचाराधीनच होता. सारंग आधी दर सोमवारी त्याची चौकशी करायचा, नंतर पंधरवड्याने करायला लागला, आणि मग विसरला. निदान विसरलो असं तो स्वतःला सांगत असे.

मे महिन्यात मसूरला एका लग्नाला गेला होता, तेव्हा वाट वाकडी करून तो बाईंकडे डोकावला. दारातच नाना भेटले. बाईंचे यजमान नाना शेवडे एसटीत कंट्रोलर होते. गाडी किती वाजता सुटली हे ते ड्रायव्हरला विचारत नसत, वहीत बघत. आयुष्यभर त्यांनी कागदावर विश्वास ठेवला, आणि कागदानेही त्यांना कधी दगा दिला नव्हता.

बाई जेवायला बसल्या होत्या. हातातला चमचा ताटाच्या काठावर टकटक वाजत होता. आमटी ओठांपर्यंत पोहोचेपर्यंत निम्मी सांडत होती. सारंगला वाटलं, नाना आता पुढे होऊन चमचा हातात घेतील. पूर्वी घेत असत. पण नाना हाताची घडी घालून बसून राहिले.

"मुद्दाम मदत करत नाही मी," ते सारंगला म्हणाले. "सवय लागते. रिपोर्ट बघितलास ना? फेब्रुवारीपासून रेघ सरळ आहे. आजार आहे तिथेच आहे. डॉक्टरही म्हणाले, माप वाढवायची गरज नाही, थोडा व्यायाम करा. पण ही मनावरच घेत नाही."

"मला नाही हो जमत," बाई म्हणाल्या. "सकाळी दहानंतर हात जडच होतो."

"रिपोर्टात दहानंतर काहीही नाही! सारंग, तूच सांग हिला. तुझाच रिपोर्ट आहे. सांग."

दोघं त्याच्याकडे बघायला लागली. सारंगला ती ओळ आठवली, तिच्या डोक्यावरची टीप आठवली. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती सांगितली की डॉक्टरांना सांगावं लागणार, डॉक्टरांना सांगितलं की पाचही हॉस्पिटलांना. तो म्हणाला,

"हो बाई. रिपोर्ट तर चांगला आहे."

बाईंनी मान हलवली. "मग माझंच काहीतरी चुकत असणार," त्या म्हणाल्या, आणि चमचा पुन्हा आमटीत बुडवला. सारंगला आपली स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती. तो चहा न घेताच उठला. पुण्याला पोचल्यावर ती ओळ काढायचीच, असं त्याने वाटेत ठरवलं, आणि पुण्याला पोचल्यावर त्याने अर्जाची चौकशी केली.

जुलैच्या अखेरीस बाई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. उजवं मनगट मोडलं. फोनवर नाना म्हणाले, "चालताना पाय उचलत नाही. हजारदा सांगितलं." सारंगने त्या रात्रीच संगणकावर ती ओळ उघडली, वाचली, आणि तशीच ठेवून बंद केली. आता काढली तर आकड्यांची रेघ एकदम तुटणार आणि जो तो विचारणार, का? खोट्याचं असंच असतं. जितके दिवस सांभाळावं तितकं ते महाग होत जातं.

आणि आता ऑगस्टमधला हा रविवार.

बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, समोर स्टँडवर टॅबलेट. नाना खिडकीशी पेपर वाचत होते.

"बस," बाई म्हणाल्या. "पडल्यापासून एक अक्षर टाइप केलेलं नाही मी. करमत नाही, म्हणून परवा म्हटलं, माझाच जुना हात ऐकावा. इतके दिवस धीर होत नव्हता. स्वतःचा बिघडलेला हात कोण ऐकत बसेल? हा परवाचा रिपोर्ट. ऐक."

डाव्या हाताने, दोनतीनदा चुकून, त्यांनी 'ऐका' दाबलं.

खोलीत मशीनचा आवाज भरला. टक, टकटक, टक. जड आणि हलका, हलका आणि जड. सारंग बाईंच्या प्लॅस्टरकडे बघत राहिला.

"हलका आवाज उजव्याचा ना? तूच केला होतास," बाई म्हणाल्या. "मग हा कुणाचा उजवा हात?"

सारंगचा हात टॅबलेट बंद करायला पुढे झाला.

"आता थांबेल बघ." आवाज थांबला. चारपाच सेकंद शांतता, मग पुन्हा टकटक. "इथे मी कुकरची शिट्टी मोजत होते. तिसरी झाली आणि पुढे लिहायला लागले. धाकट्या बहिणीला पत्र लिहीत होते, तिच्या नातीच्या बारशाचं. बारसं फेब्रुवारीत झालं. मी मागचे सगळे रिपोर्ट लावून ऐकले, सारंग. दर तीन रिपोर्टांनी ही शिट्टी परत येते. मार्चमध्ये आली, एप्रिलमध्ये आली, मेमध्ये आली. जरा लवकर, जरा उशिरा, पण तीच."

नानांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे काय?"

आता पळवाट उरली नव्हती, आणि सारंगला ती नकोही होती. त्याने सगळं सांगितलं. नवी आवृत्ती, कुलूप, अर्ज, ती ओळ. आकडे हलवले तेही सांगितलं. सांगताना त्याला एक गोष्ट पहिल्यांदाच लख्ख कळली. कोरा रिपोर्ट गेला असता तर हॉस्पिटलने फोन करून विचारलं असतं, काय झालं? बाईंना त्या एका फोनचीच गरज होती, आणि तोच फोन येऊ नये म्हणून त्याने एवढी कारागिरी केली होती.

नाना उठले. सारंगला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण नाना त्याच्यापर्यंत आलेच नाहीत, खाटेपाशी थांबले.

"सहा महिने," ते म्हणाले. "सहा महिने मी तुला आळशी म्हणत होतो, कुमुद. तू आमटी सांडायचीस आणि मी हाताची घडी घालून बसायचो." मग ते सारंगकडे वळले. "तुला काय बोलू लेका? तू खोटा कागद दिलास. पण बायको माझी होती. ती समोर बसलेली असताना मी कागद वाचत होतो."

ते आत गेले आणि बराच वेळ आतून भांड्यांचा उगाचच आवाज येत राहिला.

"डॉक्टरांना लाव फोन," बाई म्हणाल्या.

सारंगने लावला. डॉक्टर फार शांतपणे म्हणाले की बाईंना उद्याच घेऊन या, माप वाढवावं लागेल, मार्चमध्येच वाढवायला हवं होतं. हात किती परत येईल हे आत्ता सांगता येणार नाही. आणि बाकीच्यांची यादी आजच्या आज पाठवा. मग सारंगने इर्शादला फोन केला. "ती ओळ काढ. रिपोर्टाचा भागच बंद कर. नुसता कळफलक राहू दे." इर्शाद म्हणाला, "हॉस्पिटलं सोडतील आपल्याला." सारंग म्हणाला, "सोडू देत." अशीच दोन वाक्यं फेब्रुवारीत उलट तोंडांनी बोलली गेली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"किती जण आहेत रे?" बाईंनी विचारलं.

"सहाशे तेरा."

"म्हणजे सहाशे तेरा घरांत कुणीतरी कुणालातरी म्हणत असेल, रिपोर्ट चांगला आहे, तूच मनावर घेत नाहीस."

सारंगने मान खाली घातली. सहा महिने त्याने आकडे पाहिले होते, घरं पाहिली नव्हती.

"मी आजच सगळ्यांना कळवतो," तो म्हणाला आणि त्याने टॅबलेट पुढे ओढला.

"त्याच्यावर नको," बाई म्हणाल्या. "तिथे खोडता येतं."

कोपऱ्यात चौदातलं एक मशीन अजून होतं, रेक्झिनच्या खोळीत. नानांनी आतून येऊन खोळ काढली आणि कागद लावून दिला. रीबन फिकी झाली होती, पण उमटत होती. सारंग बसला. बाईंनी सवयीने तोंड भिंतीकडे केलं.

त्याने लिहिलं की माझं नाव सारंग मुळीक, 'हातवळण' हा कळफलक मी बनवला. फेब्रुवारीपासून त्याच्यातून तुमच्या डॉक्टरांकडे गेलेले रिपोर्ट खरे नाहीत. ते तुमचे जुने आकडे आहेत आणि ते मी जाणूनबुजून पुन्हा पाठवले. या काळात तुम्हाला त्रास वाढल्यासारखा वाटला असेल तर तो खरंच वाढला आहे. तुम्ही आळस करत नव्हता. तुमच्या घरच्यांना हे पत्र दाखवा आणि ताबडतोब डॉक्टरांना भेटा.

बोटं अडखळत होती. दोन ठिकाणी अक्षर चुकलं, त्याने लाल पेन्सिल घेऊन गोल केला.

"करंगळी," बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"हो बाई."

पत्र संपलं. खाली त्याने जुन्या सवयीने 'चुका' असं लिहिलं. क्षणभर थांबला. अक्षरांच्या दोन चुकांना आता काय किंमत होती? त्याने आकडा मारला : ६१३. कागद मशीनमधून काढून बाईंसमोर धरला.

बाईंनी चष्मा लावायला सांगितला. नानांनी तो त्यांच्या कानांवर नीट बसवला. त्यांनी सगळं पत्र वाचलं, खालचा आकडाही वाचला, आणि सारंगकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं.

"एक राहिली," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात मी जेवत होते. तुला विचारलं, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. तीही ओळीनेच केली का?"

"नाही बाई," सारंग म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ती मीच केली."

त्याने लाल पेन्सिल उचलली, सहाशे तेराभोवती गोल केला, शेजारी सहाशे चौदा लिहिलं आणि खाली सही केली.

बाईंनी कागद पुन्हा समोर धरायला लावला आणि सहीपर्यंत वाचला.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाठव."